निकालानंतरचा पहिला सोमवार

१५ जुलै २०२४. स्टाफरूमच्या दारात शिपाईमामांनी हातात एक कागद दिला आणि जावक रजिस्टरवर सही घेतली. 'प्लेसमेंट सेल व करिअर मार्गदर्शन कक्ष, समन्वयक' म्हणून माझी नेमणूक. कागद दोनदा वाचला आणि हसू आलं. मी स्वतः तासिका तत्त्वावर. सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, होऊन सहा वर्षं झाली. दर जुलैला नव्याने मुलाखत, नवा आदेश आणि एप्रिलअखेर नमस्कार. मानधन तासांवर, तेही कधी दिवाळीला, कधी होळीला. आणि मुलांनी नोकरी कशी मिळवायची ते मी सांगायचं!

यंदा जुलैत कुणाच्या हातात असाच कागद पडला असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालय. टीवायला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला, ११२ मुलं. निम्म्याहून जास्त मुली. बहुतेकांच्या घरी द्राक्षं किंवा कांदा, काहींच्या घरी दुसऱ्यांच्या द्राक्षांत मजुरी.

आधी जुनी फाईल मागितली. कपाटाची किल्ली सापडायला दोन दिवस गेले. फाईलमध्ये नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, जमवलेली नेमणूकपत्रं होती. किती मुलं नोकरीला लागली आणि किती पुढे शिकायला गेली, याची टक्केवारी नॅकला पुराव्यासकट द्यावी लागते. म्हणून समिती यायच्या आधी जुन्या मुलांना फोन करकरून पत्रं मागवलेली दिसत होती. एक तर पेट्रोल पंपाच्या मालकाने पावतीपुस्तकाच्या मागे लिहून दिलेलं. कोणत्या मुलाला काय हवं होतं, याचा एकही कागद नव्हता.

मग सगळे करतात ते मीही केलं. गूगल फॉर्म पाठवला. आठवड्यात ६१ उत्तरं आली. 'पदवीनंतर काय करणार?' याला ३८ जणांनी एमपीएससी किंवा पोलीस भरती लिहिलं, नऊ जणांनी 'कोणतीही चालेल', आणि एकाने 'सर तुम्ही सांगाल ते'. मी मॅडम आहे. त्यावरून फॉर्म किती मन लावून भरला जातो ते कळलं.

फॉर्म बंद केला आणि नव्वद रुपयांची दोनशे पानी लाँगबुक आणली. एकेका मुलाला एक पान. मला केबिन नाही, त्यामुळे ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारच्या बाकावर बसायचे. दोन तासांच्या मधे जो सापडेल तो. पंधरा मिनिटं धरली होती, चाळीस लागायची. 'तुझं ध्येय काय' विचारलं की मुलं भाषणातली वाक्यं म्हणून दाखवतात. चार-पाच जणांकडून ती ऐकल्यावर प्रश्न बदलला. म्हटलं, "पुढच्या वर्षी निकाल लागेल. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता तू कुठे असशील?"

बहुतेक गप्प व्हायचे. एक मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाली, "भांडी घासत असेन, मॅडम." ते तसंच तिच्या पानावर लिहिलं.

ऑगस्ट एमपीएससीवाल्यांत गेला. या मुलांना 'तुझ्याने होणार नाही' असं म्हणणारे घरीदारी पुष्कळ असतात, त्यांत मला भर घालायची नव्हती. पण बोलताना लक्षात आलं की अर्ध्याजणांनी अभ्यासक्रम उघडून पाहिलेला नाही. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार, हे ठाऊक असलेले चार निघाले. बाकीचे दहावीपासून पर्यायाला गोल करत आलेले. त्यात ऑगस्टच्या शेवटी पुण्यात आंदोलन झालं. २५ तारखेची राज्यसेवा पूर्व परीक्षा आणि आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा एकाच दिवशी आली होती. आयोगाने पूर्व परीक्षा पुढे ढकलली, ती झाली १ डिसेंबरला. आदल्या वर्षी आमच्याकडून बाहेर पडलेल्या एका मुलाला मी वर्गात बोलावलं. पुण्यात तो खोलीभाडं, मेस आणि अभ्यासिका मिळून महिन्याला नऊ हजार भरत होता. म्हणाला, "परीक्षा तीन महिने पुढे गेली म्हणजे माझ्या घरचे सत्तावीस हजार पुढे गेले." त्या दिवशी वर्गात कुणी मोबाइल काढला नाही.

खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. मुलांना याचा आधार वाटतो, आणि मला तीच भीती वाटते. म्हणून प्रत्येकाच्या पानावर त्याच्याकडूनच एक तारीख लिहून घेतली: अमुक महिन्यापर्यंत पूर्णवेळ अभ्यास, नंतर कामासोबत. कुणी २०२६ लिहिलं, कुणी २०२८. मी खोडलं नाही.

एक गोष्ट मात्र हट्टाने करून घेतली, ती म्हणजे टायपिंग. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाचं प्रमाणपत्र लागतं. परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते, कोर्स सहा महिन्यांचा, आमच्या गावात फी सहा-सात हजारांच्या घरात. मुलं पदवीनंतर फॉर्म भरायला बसतात तेव्हा हे आठवतं आणि एक संधी जाते. सप्टेंबरात १४ जणांनी मराठी ३० ला नाव घातलं. त्यातल्या तिघी मैत्रिणी एकमेकींना सोडवत नाही म्हणून आल्या होत्या. त्या तिघीही पास झाल्या.

नंतर कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण यातच सगळ्यात जास्त मुलं अडकतात.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब, बँकेत 'भाऊसाहेब'चं नुसतं 'बी'. एकाच मुलाची चार नावं. नाव पुढेमागे असलं तर काही ठिकाणी चालून जातं, स्पेलिंग बदललं की संगणक अडवतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून गुणपत्रिका समोर ठेवूनच दुरुस्ती करायची. केंद्रावरचा मुलगा घाईत असतो, स्क्रीनवरचं अक्षरन् अक्षर आपणच वाचायचं. तेव्हा ५० रुपये पडत होते. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालेल्या पाच मुली होत्या. दोघींचं आधार सासरच्या नावाने झालेलं आणि पदवी माहेरच्या नावाने येणार. त्यांना विवाह नोंदणीचा दाखला काढायला लावला. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "लग्न तर सगळ्या गावाने पाहिलंय, दाखला कशाला?" त्यांच्या बाजूने बरोबरच आहे.

बँक खात्याला आधार 'लिंक' असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी 'सीड' असणं वेगळं. ऑगस्टमध्ये लाडकी बहीणच्या दीड हजारांसाठी बँकांसमोर रांगा लागल्या, तेव्हा आमच्या मुलींच्या आयांना हे कळलं, आयांकडून मुलींना आणि मुलींकडून मला. खातं कुठल्या बँकेला सीड आहे ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं, पण त्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. आणि तो नंबर असतो दादाच्या जुन्या सिमचा.

अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, जातवैधता. सेतूत अर्ज दिला की पावतीवर मुदतीची तारीख असते. अधिवासाला १५ दिवस. तारीख उलटली तर लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं, हे पावती दाखवून शांतपणे म्हणायचं. दोनदा म्हणावं लागलं, दोन्ही वेळा दाखला दुसऱ्या दिवशी मिळाला. दिवाळीच्या सुट्टीआधी ७० मुलांच्या डिजिलॉकरमध्ये कागद गेले. बाकीचे छाटणीला. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी असते, तेव्हा आमच्याकडे वर्ग भरत नाहीत, नुसते उघडतात.

त्याच छाटणीने मला या वर्षातला सगळ्यात चांगला दिवस दिला.

बीए भूगोलचा एक मुलगा. फॉर्ममध्ये 'कौशल्ये'समोर त्याने 'निरंक' लिहिलं होतं. ग्रंथालयात बोलावलं तर तीन आठवडे आला नाही. शेवटी ॲक्टिव्हा काढून मीच त्याच्या वस्तीवर गेले. पडवीत खुर्ची टाकून दिली, चहा आला, आणि तो बागेतून येईपर्यंत मी समोरच्या खिळ्याला दोरीने लटकवलेली वही चाळली. पानं औषधांच्या वासाची. आखलेले रकाने: तारीख, प्लॉट, औषध, मात्रा, पाणी किती लिटर, कशासाठी (डावणी, भुरी, उडद्या असे द्राक्षावरचे रोग-किडी), आणि शेवटचा रकाना लाल पेनने, 'तोडणी या तारखेनंतरच'.

"हे कोण लिहितं?"

"मीच. बाबांचं अक्षर व्यापाऱ्याला लागत नाही."

दोन हंगाम तो घरची आणि चुलत्यांची मिळून सात एकरांची नोंद ठेवत होता. युरोपला माल पाठवायचा तर प्लॉटची नोंदणी लागते, अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर त्याचा माग राहतो, द्राक्षाच्या नमुन्यात औषधाचा अंश मर्यादेबाहेर सापडला तर तो प्लॉट निर्यातीतून बाद. त्याला हे सगळं मला समजावून सांगावं लागलं. आदल्या फेब्रुवारीत व्यापारी दारात आला होता, भाव चांगला होता, चुलते उद्याच तोडायला निघाले होते. याने वही दाखवली: शेवटच्या फवारणीनंतर थांबायची मुदत संपायला अजून आठ दिवस होते. चुलते दोन दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी तोडलं, नमुना पास झाला, भाव मात्र किलोला चार रुपयांनी उतरला होता. "ते अजून काढतात मॅडम, चार रुपये."

आणि हा मुलगा कौशल्य निरंक लिहितो.

त्याचा बायोडाटा आम्ही तिथेच, पडवीत बसून परत लिहिला. जुन्यात धर्म, जात, आईचं नाव आणि 'छंद: क्रिकेट' होतं. ते सगळं काढलं. पहिली ओळ अशी झाली: 'दोन हंगाम सात एकर द्राक्षबागेच्या फवारणीची रोजची नोंद, निर्यातीसाठी नोंदवलेल्या तीन प्लॉटची कागदपत्रे सांभाळली, एकही नमुना नापास नाही.' तो म्हणाला, "पण हे तर घरचं काम आहे." त्यावर मी काय बोलले ते आता आठवत नाही, पण परतताना रस्ताभर त्याचंच वाक्य डोक्यात होतं. त्यानंतर प्रत्येक पानावर मी आणखी एक प्रश्न वाढवला: घरी तुझ्याशिवाय कुठलं काम अडतं? कुणी बचत गटाचं रजिस्टर लिहिणारी निघाली, कुणी वडिलांच्या टेम्पोच्या हप्त्यांचा आणि डिझेलचा हिशोब ठेवणारा, एक जण गावातल्या सगळ्यांचे पीकविम्याचे फॉर्म भरणारा. लाँगबुकची पानं भरायला लागली.

नोव्हेंबरात कंपन्या. मतदान २० तारखेला होतं, परमनंट सहकारी निवडणुकीच्या कामावर, त्यांचे वर्ग आमच्या गळ्यात. दुपारनंतर सिन्नर, सातपूर, अंबड. नऊ ठिकाणी गेले. पाच ठिकाणी गेटवरच उत्तर मिळालं: "बीए-बीकॉम? आयटीआय, डिप्लोमा असतील तर पाठवा." सहाव्या ठिकाणी एका एचआर बाईंनी पाणी दिलं आणि मी पाठ करून गेलेलं बोलून टाकलं. केंद्राच्या नॅट्स योजनेत आता साधे पदवीधरही अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेता येतात. पदवीधराला तेव्हा किमान ९,००० रुपये विद्यावेतन, त्यातलं निम्मं सरकार देतं. आणि तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अ‍ॅप्रेंटिस घेणं बंधनकारकच आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. बाई म्हणाल्या, "आमचे अडीच टक्के भरत नाहीयेत, खरं सांगायचं तर." स्टोअर्स आणि डिस्पॅचला चौघं घ्यायचं तिथेच ठरलं, निकालानंतर, वर्षभरासाठी. नवव्या ठिकाणीही असंच एक कबूल झालं, पण मार्चमध्ये त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

नॅट्सचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत सायनला आहे. कॉलेजचं खातं पोर्टलवर उघडायला मला पाच आठवडे लागले, कारण जुना लॉगिन निवृत्त झालेल्या सरांच्या मोबाइलवर होता आणि सर गेले होते मुलीकडे. हे काम जुलैतच करा.

राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजनाही विचारतात. पदवीधराला महिना १०,०००, आधी सहा महिने होती, पुढे अकरा केली. शिकत असलेल्यांना लागू नाही. आदल्या बॅचमधले सहा जण कुणी ग्रामपंचायतीत, कुणी शाळेत लागले होते. पैसे मिळाले, उशिरा मिळाले, आणि मुदत संपल्यावर पुढे काय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुलांना मी तेवढंच सांगितलं.

डिसेंबरात सराव मुलाखती. पहिल्या दिवशी अकरापैकी नऊ जणांनी 'मायसेल्फ' म्हणून सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला गाडी अडकली. दुसऱ्या दिवसापासून सगळं मराठीत. आठवड्याने तेच मुद्दे तोडक्यामोडक्या इंग्रजीत. सांगण्यासारखं काही असलं की भाषा लंगडत का होईना चालते. सेमिनार हॉलमधल्या प्रेरणादायी भाषणांबद्दल माझं मत विचारू नका.

त्यापेक्षा एका माजी विद्यार्थिनीने तिची पगारचिठ्ठी फळ्यावर उतरवली तो तास जास्त कामाचा झाला. १५,००० पगार. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. ईएसआय पाऊण टक्का, ११३ रुपये. हातात १३,०८७. मागून एक मुलगा म्हणाला, माझ्या दादाचे याच पगारात आणखी २०० कापतात. तो व्यवसाय कर. महिलांना २५,००० पर्यंत माफ आहे. मुलींनी बाकं वाजवली. मग खोलीभाडं, मेस, गावी येण्याजाण्याचं भाडं वजा करत करत फळ्यावर ४,६०० उरले. "आणि सीटीसी किती सांगितलं होतं?" दोन लाख दहा हजार, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा सगळा खर्च. ग्रॅच्युइटी, मालकाचा पीएफ, न मिळालेला बोनस, सगळं त्यात धरलेलं.

एका मुलीचं पान वेगळं सांगायला हवं. बीकॉम, हिशोबाला तरबेज, गाव तालुक्यापासून बावीस किलोमीटर. तालुक्यातल्याच एका कर सल्लागारांकडे जागा होती, सुरुवातीला ८,०००, जीएसटीचं काम शिकायला मिळणार. त्यांची वेळ दहा ते सहा. ती म्हणाली, "घरचे नको म्हणतील." मला वाटलं जुन्या विचारांचे असतील. मनात वाद घालायची तयारी करून गेले. वडिलांनी खाट झटकून दिली, आणि म्हणाले, "नोकरीला ना नाही, मॅडम. शेवटची एसटी पावणेसहाची आहे. ती गेली तर फाट्यापर्यंतच गाडी, तिथून दोन किलोमीटर उसातून चालत. बिबट्या आहे. तुम्हीच सांगा."

काय सांगणार? परत आले आणि एसटीचं वेळापत्रक लाँगबुकच्या मागच्या पुठ्ठ्यावर उतरवलं. सल्लागारांना विचारलं, साडेनऊ ते साडेपाच चालेल का? ते म्हणाले, त्यात काय, मीच दहाला येतो, कुणीतरी आधी उघडलेलं बरं. दोन मिनिटांत झालं. हा प्रश्न त्या मुलीने स्वतः कधी विचारलाच नसता, आणि मीही वडिलांशी वाद घालायच्या तयारीत होते. त्यानंतर नोकरीची जागा कळली की आधी शेवटची बस पाहायची, मग पगार. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते हिशोबात धरायचं.

आता माझी चूक. फेब्रुवारीत एका कन्सल्टन्सीचा फोन आला, कॅम्पस ड्राइव्ह घेतो म्हणाले. माझ्या रजिस्टरमध्ये 'कंपनी भेटी'समोर काहीच नव्हतं आणि प्राचार्य विचारत होते. मी हो म्हटलं. टाय घातलेले दोघं आले, लॅपटॉपवर चित्रं दाखवली, ४३ मुलांच्या मुलाखती झाल्या, फोटो काढले, वर्तमानपत्रात बातमी आली. चार दिवसांनी कळलं की निवड झालेल्यांना 'नोंदणी' म्हणून ५०० रुपये ऑनलाइन भरायला सांगितलंय. अकरा जणांनी भरले होते. मी फोन केला, गोड बोलले. पोलिसांत तक्रार देते म्हटल्यावर आठ जणांचे परत आले, तिघांचे नाही. त्या तिघांत ती भांडी घासेन म्हणालेली मुलगी होती. पैसे तिने शिवणाच्या कामातून भरले होते. मी माफी मागितली, ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम," आणि ते जास्त लागलं. कुणालाही वर्गात उभं करण्याआधी कंपनीचं पत्र, जीएसटी क्रमांक आणि तिथे लागलेल्या दोघांचे नंबर मागा. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मार्चमध्ये पावत्या जोडून खर्च मागितला: पेट्रोल २,३०० आणि झेरॉक्स-प्रिंट १,१४०. मंजूर झाले १,०००. परीक्षा एप्रिल-मेमध्ये, माझा आदेश ३० एप्रिलला संपला. लाँगबुक कॉलेजची की माझी, यावर कार्यालयात थोडी चर्चा झाली. नव्वद रुपयांची पावती मी जोडली नव्हती, म्हणून माझी ठरली.

निकाल जूनअखेरीपासून एकेका शाखेचे लागत गेले. सगळे लागल्यानंतरचा पहिला सोमवार ७ जुलै २०२५. ज्यांची पानं होती त्या ९४ जणांच्या ग्रुपवर मी आदल्या रात्री एवढंच टाकलं: 'उद्या दहा वाजता कुठे आहात ते कळवा.'

सकाळी उत्तरं यायला लागली. बीकॉमवालीने साडेनवाच्या एसटी तिकिटाचा फोटो पाठवला, म्हणजे पहिल्याच दिवशी उशीर. अ‍ॅप्रेंटिसच्या चौघांपैकी दोघं कंपनीच्या गेटवर, दोघांचे निकाल राखीव, ते विद्यापीठाच्या उपकेंद्रावर रांगेत. सतरा जण एमएस्सी-एमकॉमच्या प्रवेशाला. सात जण मैदानावर, पोलीस भरतीचे, १६०० मीटरच्या वेळा टाकलेल्या. टायपिंगच्या तिघींपैकी एक पतसंस्थेत लागलेली. 'झोपलोय' असं प्रामाणिकपणे लिहिणारे चौघं. तीसेक जणांनी काहीच कळवलं नाही. शिवणवालीने लिहिलं, 'शिवण क्लासला, शिकवायला.' फी किती घेतेस विचारलं, तर अजून ठरवली नव्हती. तेवढ्यासाठी तिला संध्याकाळी फोन केला.

फवारणीच्या वहीवाला मुलगा जानेवारी ते एप्रिल एका पॅकहाऊसवर कागदपत्रांना होता, ऑक्टोबरात परत बोलावलंय. त्याने बागेतला फोटो पाठवला, हातात काडी. हे नोकरीत धरायचं की नाही, नॅकच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. खाली त्याने विचारलं होतं, 'मॅडम तुम्ही कुठे?'

मी कॉलेजच्याच व्हरांड्यात होते. तासिका तत्त्वाच्या मुलाखती, माझा अकरावा नंबर, दोन जागांना एकोणीस उमेदवार. लिहिलं, 'रांगेत.'

आत गेल्यावर विषयतज्ज्ञांनी दोन प्रश्न अर्थशास्त्राचे विचारले आणि मग, अध्यापनाव्यतिरिक्त काय काम केलं? मी लाँगबुक टेबलावर ठेवली. त्यांनी मधलं एक पान उघडलं, पुठ्ठ्यावरचं एसटीचं वेळापत्रक पाहिलं, जरा वेळ वाचत राहिले.

"चांगलं आहे. याचं प्रमाणपत्र जोडलंय का?"

प्रमाणपत्र नव्हतं. १५ जुलैच्या आदेशाची झेरॉक्स होती, ती दिली.